माणसाएवढा खड्डा

आमच्या रेल्वेच्या गँगमध्ये, म्हणजे रूळ राखणाऱ्या टोळीत, एक रीत होती. रुळावर कुणी कापलं गेलं, तर घरचं माणूस येऊन ताबा घेईपर्यंत त्या मड्याजवळ एक गँगमन बसून राहायचा. मडं एकटं सोडायचं नाही. उन्हात बसावं लागलं तर उन्हात, कुत्री हाकलावी लागली तर हाकलायची. रेल्वेच्या कुठल्या पुस्तकात हे लिहिलंय का, मला माहीत नाही. मी चौथीपर्यंत गेलो, तेही पुरतं नाही. पण पाटस ते दौंड आमच्या हद्दीत मी उभ्या नोकरीत एकही मडं एकटं राहू दिलं नाही. हे मी कुणाहीपुढं छातीवर हात ठेवून सांगेन.

ही रीत आधी सांगितली, कारण पुढं जे झालं त्यात लोक मला हट्टी म्हणाले. म्हणू देत. हट्टी आहेच मी.

आम्ही तिघं जोडीदार, एव्हाना तिघंही रिटायर. एक मी. दुसरा आमचा मुकादम, धनगराचा. गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या अंगाला. त्याच्या बापानं मेंढरं विकून शेती धरली आणि यानं शेती भावावर टाकून रेल्वे धरली. तिसरा चावीवाला. चावीवाला म्हणजे रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून, आपल्या वाट्याचा रूळ तपासत चालत जाणारा माणूस. त्या वाट्याला बीट म्हणतात. रुळाची पकड ढिली दिसली की ठोकायची आणि पुढं जायचं. हा चावीवाला ख्रिश्चन. दौंडच्या रेल्वे कॉलनीत जन्मला, तिथंच म्हातारा झाला. मी बौद्ध. तिघांचे सण वेगळे, पण डबा खाताना बसायचो एकाच लिंबाखाली आणि कालवण कुणाचं कुणी खाल्लं याचा हिशेब नसायचा.

मड्याजवळ बसायची पाळी चावीवाल्याची असली की तो मेलेल्याशी बोलायचा. हळू आवाजात. कुठला रे बाबा तू, गाडी कोणती होती, येतील हां तुझी माणसं. मी एकदा विचारलं, "त्याला काय ऐकू येतंय व्हय?"

तो म्हणाला, "न्हाई आलं तरी आपल्याला येतंय न्हवं."

नाताळ आला की त्याच्या दारात कागदाची मोठी चांदणी लागायची. त्याची बायको करंज्यांचा डबा घेऊन स्वतः आमच्या घरी यायची, आणि जाताना तिच्या डब्यात आमच्या म्हातारीचे, म्हणजे माझ्या बायकोचे, शेंगदाण्याचे लाडू असायचे. त्या दिवशी चावीवाला सूट घालायचा. लग्नातला, काळा. वर्षातून एकदा तो कपाटातून निघायचा. एरवी ग्रीसचा वास येणारा माणूस टाय लावून चर्चला निघाला की मुकादम रस्त्यात आडवा व्हायचा आणि कपाळाला हात लावून म्हणायचा, "साहेब, इन्स्पेक्शनला कुठं?"

"तुझ्याच कामाची तक्रार आलीय. सरक."

हे दर वर्षी. तेच शब्द. तरी आम्ही हसायचो.

मागच्या दिवाळीनंतर त्याची बायको गेली. दौंडच्या कबरस्तानात तिला ठेवलं. त्यानं तिच्या उजव्या अंगाची जागा दगड लावून धरून ठेवली आणि आम्हा दोघांना तिथं उभं करून सांगितलं, "ही माझी. हिच्या शेजारी मला ठेवायचं. पोरगं लांब हाय, त्याला काय ठावं असणार. तुम्ही बघा."

मुकादम म्हणाला, "बघू की. पर आधी कोण जाणार ते ठरलंय का?"

"ठरलं न्हाई. पर सांगून ठिवलं."

मी म्हणालो, "ठेवतो." एवढंच. मी एकदा शब्द दिला की दिला.

नाताळ जवळ आला तसा तो जेवायचा थांबला. मग एक दिवस स्टेशनबाहेर चहा पिताना म्हणाला, "यंदा मला दौंडात ठिवू नका. कुठंबी न्या. ती गाणी म्हणणारी मंडळी दारात येतील. दार उघडायला कोण हाय आत?"

मुकादमाच्या थोरल्या पोराचा शिरूरला टुरिस्टचा धंदा. तो दर वर्षी नाताळच्या सुट्टीत बस भरून माणसं थायलंडला नेतो, सोबत आचारी घेऊन. शिरूरचे, रांजणगावच्या कंपन्यांतले, न्हावऱ्याचे, असे लोक असतात. मुकादम म्हणाला, आपण पण जाऊ. आमच्या म्हातारीनं विचारलं, तिथं काय आहे? मी म्हणालो, तिथं दौंड नाही.

विमानाचं मी काही सांगत नाही. बसलो आणि उतरलो. तिथं उतरल्यावर मुकादमाच्या पोरानं सगळ्यांना पिवळ्या टोप्या वाटल्या. मला म्हणाला,

"आबा, घाला की. म्हंजी गर्दीत सापडाल."

"मी कवा हरवलो होतो?"

मी टोपी घातली नाही. शेवटपर्यंत नाही. चावीवाल्यानं मुकाट्यानं घातली, ते मला आवडलं नाही. तो असा मुकाट्यानं कुणाचं ऐकणारा नव्हता.

बुद्धाच्या मोठमोठ्या मूर्ती बघितल्या. सोन्याचा पत्रा चढवलेल्या. माझा ऊर भरून आला हे खरं, पण लोक मूर्तीपुढं काड्या हलवून लॉटरीचा आकडा काढत होते तेही बघितलं, आणि ते मला पटलं नाही. मी तसं बोलून दाखवलं. मुकादम म्हणाला, "तुझ्या देवाच्या गावात येऊन तूच भांडतोस." मी म्हणालो, तो देव नाही, हेच तर सांगतोय. चावीवाला मध्ये उभा होता. एरवी त्यानं आमच्या या भांडणात काडी टाकली असती. तो कबुतरं बघत होता.

मग नाताळच्या आदल्या दिवशी पोरानं आम्हाला एका बाजारात नेलं. बाजाराच्या मधून रेल्वेचा रूळ. दोन्ही बाजूंना भाजी, मासळी, मिरच्यांचे ढीग, अगदी रुळाला चिकटून. गाडी आली की दुकानदार ताडपत्र्या मागं ओढतात, गाडी अंगाला घासून जाते, आणि गाडी गेली की पुन्हा पसरतात. आमचे टुरिस्ट रुळावर उभे राहून फोटो काढायला लागले. मुकादमाचा रंगच उडाला.

"उतरा खाली! अय, उतरा! रूळ हाय त्यो, व्हटा न्हाई!"

कुणी ऐकलं नाही. तो कपाळ बडवून म्हणाला, "आपल्या हद्दीत असलं दिसलं असतं तर माझी मुकादमकी गेली असती."

मी वळून बघतो तर चावीवाला रुळाशी उकिडवा बसलेला. टोपी काढून बाजूला ठेवलेली. त्यानं एक दगड उचलला, रुळावर ठोकला आणि कान तिरपा केला. पुन्हा थोडा पुढं सरकून ठोकला. भाजीवाली म्हातारी त्याच्याकडं बघून काहीतरी बोलली आणि हसली. तो उठला, हात मागं बांधले, मान खाली घातली आणि चालायला लागला. आमच्या ओळखीची ती चाल. दोन ढांगा, नजर डावीकडं, दोन ढांगा, नजर उजवीकडं. गर्दी आपोआप बाजूला होत होती. आम्ही दोघं त्याच्या मागं. बाजार संपेपर्यंत तो असाच गेला. मग कंबर सरळ करून म्हणाला, "झाली बीट."

"काय म्हणतोय रूळ?" मुकादमानं विचारलं.

"टाइट हाय. हितला चावीवाला नेकीचा हाय."

त्या दिवशी संध्याकाळी आचाऱ्यानं पिठलं-भाकरी केली होती. चावीवाल्यानं मागून खाल्लं. मिरची मागितली. मुकादमानं माझ्याकडं बघून डोळा बारीक केला. मला वाटलं, माणूस सावरला.

हॉटेल समुद्राच्या काठी होतं. खालच्या हॉलमध्ये प्लास्टिकचं झाड, त्याच्यावर कापसाचा बर्फ, आणि घामाच्या धारा लागल्या असताना पोरी लाल टोप्या घालून फिरत होत्या. झाडाच्या टोकाला चांदणी होती. चावीवाला तिच्याकडं बराच वेळ बघत राहिला.

"वाकडी लावलीय," म्हणाला, आणि झोपायला गेला.

आम्हा तिघांना एकच खोली होती. सकाळी मला जाग आली तेव्हा तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला. अंगात काळा सूट. टाय. पायात पॉलिश केलेले बूट. त्यानं सूट आणलाय हे मला माहीतच नव्हतं. खिडकीतून उजेड त्याच्या गुडघ्यांवर पडला होता.

मी म्हणालो, "अरे, हितं चर्च शोधलंस का काय?"

तेवढ्यात मुकादम मोरीतून बाहेर आला. कमरेला टॉवेल, तोंडाला साबण. त्यानं सूट बघितला आणि त्याचं तोंड फुललं. कपाळाला हात लावून म्हणाला, "साहेब, इन्स्पेक्शनला कुठं?"

चावीवाला सरक म्हणाला नाही.

मी उठून त्याच्या मनगटाला हात लावला. मी आयुष्यभर मडी हाताळली आहेत. मला डॉक्टर लागत नाही.

मुकादम तसाच उभा होता, हात कपाळालाच. मग तो हात खाली कसा आणायचा हे त्याला समजेना, असं त्याचं झालं. मी म्हणालो, "तोंड धू जा." दुसरं काय म्हणणार.

माणसं आली. हॉटेलची बाई, डॉक्टर, पोलीस. सगळे हळू बोलत होते, चांगले वागत होते, ते मी नाकारत नाही. पण प्रत्येकजण मला खोलीबाहेर काढायला बघत होता. मी पलंगाच्या कडेला बसलो होतो, चावीवाल्याच्या समोर.

मुकादमाचं पोर म्हणालं, "आबा, खाली चला. नाश्ता करा. हे लोक बघतील."

"मी बसलोय."

"ते म्हणत्यात, खोली मोकळी करायची हाय."

"सांग त्यांना, खोलीत माणूस हाय."

दुपारी बस पुढच्या गावाला निघायची होती. बाकी लोकांची सुट्टी, लेकरंबाळं, त्यांचा काय दोष. पोरगं रडकुंडीला आलं. मुकादम त्याला म्हणाला, "तू तुझी माणसं घिऊन जा. आम्ही आमच्या माणसाजवळ थांबतो."

"आप्पा, तुम्हाला भाषा येत न्हाई, रस्ता ठावं न्हाई..."

"बसायला भाषा लागत न्हाई."

पोरानं जाताना तिथली भाषा येणाऱ्या एका माणसाला आमच्यासाठी फोनवर ठेवलं, हॉस्पिटलची सगळी बोलणी करून दिली. त्यानं केलं ते पुष्कळ केलं.

हॉस्पिटलात मडी ठेवायची खोली तळघरात होती. लोखंडी दार, बाहेर बोळ, बोळात प्लास्टिकच्या खुर्च्या. आम्ही पाळ्या लावल्या. एकानं बसायचं, एकानं खुर्च्या जोडून आडवं व्हायचं. पहिल्या दिवशी पहारेकरी आला आणि हातानं जा-जा करायला लागला. मी दाराकडं बोट केलं, मग माझ्या छातीकडं, मग खुर्चीकडं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मुकादमाकडं बघितलं आणि निघून गेला. नंतर एक नर्स वाडग्यातून पेज आणून द्यायला लागली. आपल्या पेजेसारखीच, वर आलं घातलेली. ती दोन्ही हातांनी वाडगा द्यायची आणि वाकायची. मीही वाकायचो. तेवढंच आमचं बोलणं.

आजूबाजूला कुणी नसलं की मी दाराशी तोंड नेऊन म्हणायचो, "हाय रे. आम्ही हाय हितं." आतून काय येणार. पण तो म्हणाला होता ते खरं होतं. आपल्याला ऐकू येतं.

मुकादम एकदा खुर्चीत पडल्या पडल्या बोलायला लागला. "आमच्या गावाकडं जुन्या काळाचं खोदकाम चाललं होतं न्हवं, तवा मी पाट्या टाकायला होतो. हजारो वर्सांपूर्वीची माणसं निघाली. ती लोकं मेलेलं लांब न्हेतच न्हवती. घरातच, जमिनीखाली. बारकी पोरं मडक्यात. मोठी माणसं आडवी, उताणी. आन् मोठ्यांचे पाय तोडलेले."

"पाय कशापायी?"

"साहेब लोक म्हणायचे, उठून जाऊ नयेत म्हणून असंल." मग म्हणाला, "ह्याचे तोडायला पायजे होते. दौंडातच ऱ्हायला असता."

मला राग आला. पण तो तोंड भिंतीकडं करून रडत होता, म्हणून गिळला.

चावीवाल्याचा मुलगा कॅनडात. एकुलता. त्याचा फोन आला. आधी तो रडला, मीही त्याला रडू दिलं. मग म्हणाला, "काका, ऐका माझं. सगळीकडं सुट्ट्या आहेत. डॅडींना भारतात न्यायचे कागद कधी होतील, कुणी सांगत नाही. मलाही लगेच तिकीट नाही. त्यांना किती दिवस असं ठेवायचं? तिथंच करून टाकू."

"करून टाकू म्हंजी?"

"दहन."

"तुझा बाप ख्रिश्चन हाय."

"आता आमच्यातही करतात, काका. चर्चची हरकत नसते."

"चर्चची नसंल. त्याची हाय. तुझ्या आईच्या शेजारी जागा धरून ठिवलीय त्यानं. दगड लावलेत. मला उभं करून सांगितलंय."

"राख ठेवू ना तिथं. अर्थ तोच आहे."

"तोच न्हाई."

"मला ते कधी असं बोलले नाहीत."

"तुला कवा बोलणार? तू कवा त्याच्याजवळ बसलास?"

हे बोललो ते बोललो. माघारी घेणार नाही. मग तो म्हणाला, अगदी हळू, "काका, मुलगा मी आहे."

ताबा घरच्या माणसाचा, हीच तर आमची रीत. मी आयुष्यभर किती जणांची मडी किती जणांच्या लेकांच्या ताब्यात दिली. त्यांनी पुढं काय केलं हे विचारायला मी कधी गेलो नव्हतो. मी फोन मुकादमाच्या हातात दिला.

तिथं विहारातच दहनाची भट्टी असते. भिक्खू ओळीनं बसले आणि त्रिशरण म्हणायला लागले. त्या सगळ्या मुलखात मला समजलेले पहिले शब्द ते होते. उच्चार वेगळा, पण शब्द तेच, जे मी लहानपणापासून म्हणत आलोय. माझे ओठ हलायला लागले आणि मी ते मिटले.

मुकादम कानात म्हणाला, "म्हण की. तुला येतंय."

"त्याचं न्हाई ते."

चावीवाल्याची प्रार्थना मला अर्धी येत होती. इतकी वर्षं नाताळला त्याच्या घरी जेवायला बसण्याआधी ऐकलेली. 'आमची रोजची भाकर आम्हाला दे' इथपर्यंत येते, पुढचं येत नाही. तेवढी मनात म्हटली. पुन्हा पहिल्यापासून म्हटली. पुन्हा भाकरीपाशी थांबलो.

सूट त्याच्या अंगावर तसाच होता. बूट मात्र त्यांनी काढले, ते आत घालत नाहीत म्हणे. एका बाईनं ते पिशवीत घालून माझ्या हातात दिले. नंतर राखेची पेटी दिली. एवढीशी. मांडीवर मावणारी.

विमानातली पोरगी म्हणाली, पेटी वर ठेवा. मी ठेवली नाही. तिनं दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं, त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तिला घेऊन पुढं गेला.

मुलगा नवीन वर्ष लागल्यावर आला. तोपर्यंत पेटी माझ्या घरी, माझ्या खोलीत. मला बाहेर जायचं असलं की म्हातारी आत येऊन बसायची. "मी हाय हितं. तुम्ही आंघोळ करून या," म्हणायची. तिला मी काही शिकवलं नव्हतं.

कबरस्तानात मी पेटी मुलाच्या हातात दिली. "आता तुझ्या ताब्यात," म्हणालो. गँगमध्ये असंच म्हणायचो. त्यानं दोन्ही हातांनी घेतली. मग त्याचा फोन वाजला, घरून असावा, त्यानं पेटी शेजारच्या कट्ट्यावर ठेवली आणि बोलत चार पावलं लांब गेला. मी पुढं झालो, पेटी उचलली, आणि पुन्हा त्याला दिली नाही. त्यानंही मागितली नाही.

बायकोच्या उजव्या अंगाला, दगडांच्या आत, खड्डा तयार होता. बादली बसेल एवढा.

मी खणणाऱ्याला विचारलं, "हे काय झाड लावायचंय?"

"बाबा, पेटीपुरता सांगितला व्हता."

"कुणी?"

मुलगा पुढं आला. "मी सांगितला, काका. एवढ्याशा पेटीला..."

मुकादम म्हणाला, "पोरं मडक्यात. मोठी माणसं आडवी." मुलाला त्यातलं काही समजलं नाही. मुकादमानं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि कुदळ घेतली. मी पेटी मुलाच्या मावशीजवळ दिली, तिला खाली ठेवू नको म्हणून सांगितलं, आणि फावडं घेतलं. पाद्रीबाबा घड्याळ बघून पुस्तक मिटून उभे राहिले. जमीन कडक होती. आमच्या दोघांच्या कमरा कामातून गेलेल्या. पण खणायला आम्हाला कुणी शिकवायचं नव्हतं. खणणारा हात लावायला आला, मुकादमानं त्याला थांबवलं. मुलगा एकदा म्हणाला, "पुरे, काका." मी म्हणालो, "तुझ्या बापाची उंची मला ठावं हाय."

माणसाएवढा खड्डा झाला. मी आत उतरलो. बायकोच्या डोक्याच्या रेषेत पेटी ठेवली. मग पिशवीतून बूट काढले, सदऱ्यानं पुसले, आणि दुसऱ्या टोकाला, पाय यावेत तिथं, टाचा जोडून ठेवले.

वर येऊन बघितलं. इकडं पेटी, तिकडं बूट. मधल्या जागेत काय ठेवायचं ते आम्हा दोघांना सुचेना. पाद्रीबाबांनी प्रार्थना केली. भाकरीच्या पुढचं त्या दिवशीही माझ्या ध्यानात राहिलं नाही.

मग मधे मातीच टाकली.